नाकातलं ‘मांस’ आणि गुलाबी पेशींची मोजणी

अल हैलमध्ये राहणाऱ्यांना चोंदलेलं नाक काही नवीन नाही. बाहेर दमट उकाडा, मधूनच धूळ आणि घरात अखंड चालणारा एसी. नाक बंद झालं की आपण ‘ॲलर्जी असेल’ म्हणून सोडून देतो. पण बारा आठवडे उलटूनही नाक मोकळं होत नसेल आणि फोडणीचा वासही येईनासा झाला असेल, तर नाकात ‘मांस’ वाढलंय का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं.

हे खरं तर मांस नव्हे. सायनसचं अस्तर दीर्घकाळ सुजतं, त्यात पाणी साचतं आणि ते सोललेल्या द्राक्षासारखं लोंबू लागतं. हाच पॉलिप. आयुर्वेदात यालाच नासार्श म्हटलं आहे. शस्त्रक्रियेने तो काढता येतो, पण बऱ्याच जणांना काही वर्षांत पुन्हा होतो. कोणाला होईल, याचा अंदाज त्या सुजेत कोणत्या पेशी आहेत यावरून बांधता येतो.

यातली मुख्य पेशी म्हणजे इओसिनोफिल, आपल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. 1879 मध्ये पॉल एर्लिख यांनी रंगद्रव्यं वापरून ती वेगळी ओळखली. इओसिन नावाचा गुलाबी रंग ही पेशी पटकन शोषून घेते, म्हणून हे नाव. आणि इओसिनला नाव मिळालं ते ग्रीकांच्या पहाटेच्या देवतेवरून, म्हणजे आपल्या उषेच्या ग्रीक बहिणीवरून!

मोजणी अशी होते. काढलेल्या पॉलिपचा तुकडा मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप करून रंगवतात आणि 400 पट मोठं करून बघतात. एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाला ‘हाय पॉवर फील्ड’ म्हणतात. त्यातल्या गुलाबी पेशी मोजायच्या. 2020 च्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार एका फील्डमध्ये 10 किंवा जास्त इओसिनोफिल असतील, तर सूज ‘टाइप 2’ प्रकारची धरतात. जपानमधल्या 2015 च्या मोठ्या अभ्यासाने मात्र ही रेषा 70 वर आखली. एवढा फरक का? पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं वर्तुळ सारखं नसतं आणि ‘कशासाठी मोजायचं’ हा प्रश्नही वेगळा असतो. म्हणून आकडा एकटा वाचायचा नसतो. लक्षणं, सीटी स्कॅन, दमा आणि रक्तातले इओसिनोफिल यांच्या जोडीने वाचायचा.

उपचारात याचा काय उपयोग? इओसिनोफिल भरपूर असतील तर स्टिरॉइडला सूज सहसा चांगली दाद देते, पण पुन्हा उद्भवण्याची शक्यताही जास्त. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही नाकातला स्प्रे किंवा स्टिरॉइड घालून नाक धुणं चालू ठेवावं लागतं. स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार घेणं बरं नव्हे. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. एवढं करूनही आजार हटत नसेल, तर या पेशींना बोलावणारे रासायनिक संदेशच अडवणारी इंजेक्शनं आता आहेत. त्यातल्या डुपिलुमॅबला अमेरिकेत 2019 मध्ये पॉलिपसाठी मान्यता मिळाली. ती महाग आहेत, म्हणून कोणाला द्यायची हे ठरवताना ही मोजणी कामी येते. न्यूट्रोफिल जास्त असलेल्या पॉलिपला स्टिरॉइडची मात्रा तितकी लागू पडत नाही.

एक इशारा: पॉलिप एकाच बाजूला असेल, रक्त येत असेल, तर तपासणी लांबवू नका. तिथे गाठ नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

आपल्यापैकी अनेकजण सुट्टीत पुण्या-मुंबईला शस्त्रक्रिया करून घेतात आणि पुढचे उपचार मस्कतमध्ये. अशा वेळी तीन गोष्टी करा. तुकडा तपासायला देताना ‘इओसिनोफिल प्रति फील्ड किती’ हे अहवालात लिहून मागा. त्याआधी स्टिरॉइड कधी घेतलं, ते डॉक्टरांना सांगा, कारण त्याने आकडा खाली येतो. आणि अहवाल जपून ठेवा. मेणातला तो तुकडाही प्रयोगशाळेत काही वर्षं जपलेला असतो. गरज पडली तर त्याचेच नवे काप काढून पुन्हा मोजता येतं. पुढच्या डॉक्टरांना मग सुरुवातीपासून चाचपडावं लागणार नाही.