आधी पाणी, मग मॅगी

‘इमर्जन्सी स्टॉक’ म्हटलं की हॉस्टेलवर मॅगीची पाकिटं निघतात. पण लाइट गेली, पंप बंद पडला आणि टाकी रिकामी झाली, तर ती मॅगी शिजवणार कशात? म्हणून हिशोब पाण्यापासून सुरू करू.

पिण्यासाठी आणि थोड्याफार स्वयंपाकासाठी माणशी रोज साधारण ४ लिटर धरा. घरात ४ माणसं आणि ३ दिवस, म्हणजे ४८ लिटर. वजन ४८ किलो! ते पाठीवर घेऊन कुणी जिना उतरणार नाही. म्हणजे तयारी दोन वेगवेगळ्या आहेत: घरात अडकलो तर लागणारी आणि घर सोडावं लागलं तर लागणारी. बऱ्याच याद्यांमध्ये या दोन्हींची खिचडी केलेली असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कित्येक कुटुंबं वरच्या मजल्यावर अडकली होती. चारी बाजूंना पाणी, पण पिण्यालायक नाही. अशा ठिकाणी पाण्याचे कॅन, पोहे, गूळ, शेंगदाणे, खजूर वरच्या मजल्यावरच हवेत. (चिवडा, फरसाण नको, तहान वाढते.) घर बैठं असेल, तर पाणी चढायच्या आतच निघावं.

किल्लारीला उलटं झालं. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. दगड-मातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तिथे माळ्यावरचा साठा काय कामाचा? भूकंपाच्या भागात बॅग दाराजवळ हवी आणि उशाशी टॉर्च, चपला आणि शिट्टी. ढिगाऱ्याखालून ओरडून माणूस लवकर थकतो, शिट्टीला कमी दम लागतो. आणि हो, पलंगाच्या वरच्या फळीवर जड ट्रंक ठेवू नका.

बॅगेत काय? माणशी एक-दोन बाटल्या पाणी, आजी-आजोबांची आठवड्याची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, सुट्टे पैसे (नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत), पॉवर बँक, सॅनिटरी पॅड्स. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. आपल्याला आईचा नंबर तरी पाठ आहे का?

टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून टॉर्चच खराब होतो. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, लाइटचं बटणही दाबू नका.

क्लोरीनच्या गोळ्या स्वस्त असतात. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळायचं, मग पाकिटावर लिहिलंय तेवढीच गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. जुलाब सुरू झाले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा हं, मेसमधल्या डावाचा हिशोब इथे चालत नाही!