पाऊणपटीचा हिशेब

वालावलला गरी घेऊन आलेला पाहुणा आधी जागा विचारतो: मासा लागतो कुठे? हा प्रश्न अर्धाच आहे, आणि अर्ध्या प्रश्नाचं उत्तर घेऊन काठावर बसलेला माणूस बहुधा रिकामी पिशवी घेऊन परततो. कर्ली नदी इथे गोडीही आहे आणि खारीही. पावसाळ्यात सह्याद्रीतून उतरलेलं गढूळ पाणी खाऱ्याला देवबागच्या मुखाकडे रेटतं. पाऊस सरला की भरती पुन्हा वर चढू लागते आणि उन्हाळ्यात खारेपणा बराच आत येतो. काळुंदर, तांबोशी, शेवटे त्या पाण्याच्या मागोमाग खालीवर होतात, म्हणून दिवाळीला दिलदार असलेलं वळण मे महिन्यात गप्प राहू शकतं. एका दिवसातही तीच गत. सुकतीला खारफुटीतले व्हाळ नदीत रिते होतात, कोळंबी आणि बारीक मासळी त्यांच्यासोबत बाहेर वाहते, आणि मोठा मासा व्हाळाच्या तोंडाशी दबा धरतो. पाणी थांबलं की तेच तोंड नुसता चिखल. तेव्हा मी जागेआधी तिथी बघा म्हणतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून.

यावर कोणी म्हणेल, गावातले जाणते तर वर्षानुवर्षं ठरलेल्या कोंडीवरच बसतात. बसतात खरे, पण कुठल्या भरतीला जायचं आणि कधी उठायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आपण त्यांच्याकडून फक्त ठिकाण उचलतो. दुसरा आक्षेप मोबाइलवरच्या वेळापत्रकाचा. ते वापरावं, पाऊणपटीपेक्षा ते नेमकंच असतं. मात्र त्यातली वेळ किनाऱ्याची. नदीतून वर यायला भरतीला अवधी लागतो, म्हणून वालावलच्या काठावर काठी रोवून ओल कधीपर्यंत चढते ते स्वतः पाहावं. तेवढ्याने तो फरक कळतो.

जागेच्या मागे लागण्यात खरा धोका आहे तो मुखाशी. देवबागला नदी समुद्राला मिळते तिथली वाळूची भाटं जागा बदलतात. गेल्या वर्षी कुणी उभं राहून तांबोशी काढली म्हणून यंदा तिथे वाळू असेलच असं नाही, आणि उधाणाच्या सुकतीत तिथली ओढ पोहणाऱ्यालाही आवरत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरून गरवणं तिथे नकोच. मालवणजवळ जायचं असेल तर १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याची हद्द आधी विचारून घ्यावी. रापण लागली असेल तिथून दूर सरावं. ती अनेक घरांची रोजी असते. बसायला जागा हवी म्हणून खारफुटी तोडणाऱ्याला तर काय सांगणार?

राहिला सुट्टीपुरता येणारा माणूस. त्याला तिथी निवडता येत नाही, हे मान्य. पण जी तिथी पदरात पडली तिला साजेसा काठ तर निवडता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आला तर नदीतल्या व्हाळांची तोंडं, सुकती लागल्यानंतरचे पहिले तास. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असलं तर नदी मंद असते. तेव्हा वारा पडलेला आणि लाटा लहान असतील तर निवतीकडचं खडप बरं, पाणी निवळ आणि चढउतार कमी. जून ते सप्टेंबर मात्र खडपावर जाऊच नये.