घरातील एकुलता एक संगणक : मोठ्या पडद्याचा लॅपटॉप कसा निवडावा?

आपल्या खानापूर तालुक्यात पावसाळा हा नुसता ऋतू नसतो. घरातील सर्व व्यवहार त्याच्या तंत्राने चालतात. कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभेचा उगम होतो. तेथपासून जांबोटी, लोंढा, गुंजी या रानपट्ट्यात पाऊस एकदा कोसळू लागला की कोठे एखादे झाड तारेवर पडते आणि वीज जाते. ती केव्हा येईल हे सांगवत नाही. अशा मुलुखातील घरात संगणक आणावयाचा, तोही एकच आणावयाचा आणि त्यावर धाकट्याचा अभ्यास, थोरलीचे महाविद्यालयीन काम, वडिलांचा हिशेब व आजोबांचे कीर्तन ऐकणे हे सर्व व्हावयाचे, म्हणजे त्याची निवड विचारपूर्वकच केली पाहिजे. या लेखात तो विचार कसा करावा, हे आम्ही क्रमाने सांगणार आहोत.

प्रथम एका घराची हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी काजूच्या हंगामाचे पैसे आल्यावर मुलीसाठी लॅपटॉप घेतला. पडदा मोठा, रंग झगझगीत, किंमत माफक. घरात आनंदीआनंद झाला. वर्षभरातच ते यंत्र इतके मंदावले की मुलगी ते सुरू करून चहा करावयास जाई आणि चहा पिऊन झाला तरी ते तयार नसे. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यातील रॅम फक्त ४ जीबी होती आणि साठवणीची जागा अवघी ६४ जीबी. शिवाय दोन्ही मुख्य पाटीवर डाक देऊन कायमची बसविलेली, म्हणजे वाढविण्याची सोयच नाही. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण खरेदीच्या वेळी नेमकी तीच विसरतो.

आता मुळाशी जाऊ. टेबलावरचा संगणक म्हणजे पडदा, कळफलक, माउस आणि मुख्य पेटी असा चौघांचा संसार. हा संसार उचलून नेता यावा ही इच्छा जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑसबोर्न १’ नावाचा संगणक निघाला. तो प्रवासी पेटीसारखा उचलता येत असे खरा. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा! आज दोन-अडीच किलोच्या यंत्रात १७ इंचांहून मोठा पडदा मिळतो. अशा, मेजावरील संगणकाची जागा भरून काढणाऱ्या मोठ्या लॅपटॉपचाच आपण येथे विचार करीत आहोत. तो रोज दप्तरात घालून हिंडविण्यासाठी नसतो. बहुधा एका जागी राहतो, पण प्रसंगी उचलता येतो.

मोठा पडदा म्हणजे किती मोठा? जाहिरातीत लिहिलेले इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, रुंदीचे नव्हे. येथे आपल्या भूमितीच्या वर्गातील पायथागोरसचा सिद्धान्त उपयोगी पडतो. रुंदी व उंची यांचे प्रमाण १६:९ असेल, तर कर्ण हा २५६ + ८१ म्हणजे ३३७ चे वर्गमूळ, सुमारे १८.३६ भाग. म्हणून १५.६ इंची पडद्याची रुंदी सुमारे १३.६ इंच व उंची ७.६ इंच येते. १७.३ इंची पडद्याची रुंदी १५.१ आणि उंची ८.५ इंच येते. कर्णात फरक पावणेदोन इंचांचाही नाही. पण क्षेत्रफळ १०४ चौरस इंचांवरून १२८ चौरस इंचांवर जाते, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.

आता एक गंमत पाहा. अलीकडे १६ इंची पडदे १६:१० या प्रमाणात मिळतात. त्यांचे गणित तुम्ही स्वतः करून पाहा; रुंदी येईल १३.६ इंच आणि उंची ८.५ इंच. म्हणजे हा पडदा १५.६ इंचीइतकाच रुंद, परंतु १७.३ इंचीइतकाच उंच आहे! ज्यास मुख्यतः वाचावयाचे, लिहावयाचे किंवा हिशेबाचे तक्ते पाहावयाचे आहेत, त्यास उंची महत्त्वाची, त्याने १७.३ इंचांसाठी अधिक पैसे मोडण्याचे कारण नाही. उलट ज्या घरात चौघांनी मिळून चित्रपट पाहावयाचा आहे, तेथे रुंदी महत्त्वाची. कारण सामान्यतः चलच्चित्रे १६:९ किंवा त्याहून रुंद प्रमाणात असतात आणि १६:१० च्या पडद्यावर त्यांच्या वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. गरज कोणती हे ठरल्याशिवाय माप ठरत नाही, हा या गणिताचा अर्थ.

मापानंतर पडद्याचा कस पाहावा. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनते. १३६६ × ७६८ बिंदूंच्या जुन्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक. देवनागरी वाचणाऱ्यास हा फरक विशेष जाणवतो. कारण अनुस्वार, रफार, जोडाक्षरांतील बारीक वळणे हे सर्व अक्षराच्या अंगाखांद्यावर असते. मोठ्या पडद्यावर कमी बिंदू असतील तर अक्षर मोठे दिसते, पण फुटके दिसते. यास्तव १९२० × १०८० हून कमी बिंदूंचा मोठा पडदा घेऊ नये. त्यातही ‘आयपीएस’ प्रकारचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग फारसे बदलत नाहीत. स्वस्त ‘टीएन’ प्रकारात ते फिकटतात किंवा उलटे दिसतात. परीक्षा सोपी आहे. दुकानात एखादे माणसाच्या चेहऱ्याचे चित्र लावावे आणि डावीकडून, उजवीकडून, वरून पाहावे. चेहऱ्याचा वर्ण बदलला तर तो पडदा एकट्यापुरता आहे, कुटुंबाचा नव्हे. खिडकीजवळ बसावयाचे असेल तर चकचकीत पडद्यापेक्षा निस्तेज पृष्ठाचा पडदा बरा. त्यात मागचा उजेड प्रतिबिंबित होत नाही.

आता यंत्राच्या अंतरंगात शिरू. रॅम हे विद्यार्थ्याच्या मेजासारखे असते आणि साठवणीची जागा कपाटासारखी. मेज लहान असेल तर दर वेळी एक वही उचलून दुसरी मांडावी लागते. तसेच कमी रॅमच्या संगणकाचे होते. आज ८ जीबी ही किमान मर्यादा समजावी. १६ जीबी असेल तर उत्तम, आणि पुढे वाढविण्यासाठी मोकळी खाच असेल तर फारच उत्तम. कपाटाच्या बाबतीत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षा ‘एसएसडी’ कितीतरी पटींनी चपळ असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने धक्क्याचे भयही कमी. किती जागा हवी, याचा अंदाज असा करावा. मोबाईलवर काढलेले उत्तम प्रतीचे चलच्चित्र मिनिटास सुमारे १३० एमबी जागा घेते, म्हणजे तासास जवळजवळ ८ जीबी. ६४ जीबीपैकी बरीच जागा खुद्द विंडोजच व्यापते. उरलेल्या जागेत घरातील एका लग्नाचे चित्रणही मावणार नाही. म्हणून २५६ जीबी हे किमान आणि ५१२ जीबी हे समाधानकारक प्रमाण मानावे.

प्रोसेसरच्या बाबतीत नुसत्या नावावर भुलू नये. ‘कोर आय-५’ हे ‘कोर आय-३’ पेक्षा नेहमीच श्रेष्ठ, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु २०१६ साली आलेल्या ‘आय-५ ७२००यू’ मध्ये दोनच गाभे होते, तर २०२२ साली आलेल्या ‘आय-३ १२१५यू’ मध्ये सहा आहेत. घराण्याच्या नावापेक्षा पिढी महत्त्वाची. म्हणून पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा.

हा मुद्दा जुने यंत्र घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि वर सांगितलेल्या ७२००यू सारखे जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. असे यंत्र स्वस्त मिळाले तरी त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविण्याची तयारी असेल तरच घ्यावे.

आता आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विषय, विजेचा. मेजावरील संगणक व त्याचा पडदा मिळून १२० वॉट वीज घेतात असे धरू. मोठा लॅपटॉप ४० वॉट घेतो असे धरू. रोज चार तास वापरल्यास महिन्याला पहिल्यास १४.४ युनिट आणि दुसऱ्यास ४.८ युनिट लागतील. याहूनही मोठा लाभ म्हणजे वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहतो. मेजावरील संगणकास त्यासाठी वेगळा यूपीएस घ्यावा लागतो. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. ४२ वॉट-तासांची बॅटरी असेल आणि पडद्याचा उजेड मंद ठेवून यंत्र १४ वॉट घेत असेल, तर ४२ भागिले १४, म्हणजे तीन तास. पडदा जितका मोठा तितकी वीज अधिक, हे विसरू नये.

मात्र एका बाजूचेच बोलणे न्यायाचे होणार नाही. तेवढ्याच पैशांत मेजावरील संगणक अधिक शक्तिमान मिळतो, आणि त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपची दुरुस्ती अवघड व खर्चाची. ज्या घरात वीज स्थिर आहे, जागा आहे आणि यंत्र कधीच हलवावयाचे नाही, तेथे जुना संसारच बरा. तिसराही एक मार्ग आहे. पुष्कळ घरांत दूरदर्शन संच असतोच; १५.६ इंची साधा लॅपटॉप एचडीएमआय तारेने त्यास जोडला की मोठा पडदा जवळजवळ फुकटात मिळतो. थोरली उद्या बेळगावच्या महाविद्यालयात गेली आणि वसतिगृहात राहिली, तर लॅपटॉप तिच्याबरोबर जाईल व घर पुन्हा संगणकाविना राहील. हाही विचार आईवडिलांनी आजच करून ठेवावा.

आपण सीमाभागातील मंडळी मराठी शिकतो, कन्नड शिकतो आणि इंग्रजीही शिकतो. या तिन्ही लिप्या एकाच कळफलकावर चालतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळरचना ठरविली. तिचे वैशिष्ट्य असे, की भारतीय भाषांत एका उच्चाराची कळ एकाच जागी असते. ज्या कळेने मराठीत ‘क’ उमटतो, त्याच कळेने कन्नडातही ‘क’ उमटतो. मराठी टंकलेखन शिकलेल्या विद्यार्थ्यास कन्नडाचे जवळजवळ आपोआप येते. ही सोय विंडोजमध्ये व लिनक्समध्ये मिळते. तिच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

यंत्र घरी आल्यावर त्याचे संगोपनही जाणले पाहिजे. ते गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये. तळाची हवेची भोके बंद होऊन ते तापते. वीज कडाडू लागली की चार्जरची पिन काढून ठेवावी. पावसाळ्यात ते दिवसेंदिवस बंद पेटीत ठेवू नये. रोज थोडे चालविल्यास त्याच्या उबेनेच दमटपणा दूर राहतो. पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर असावा. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणावा आणि वेगळा कळफलक व माउस जोडावा; मान वाकवून बसण्याची सवय लागत नाही. म्हणून या दोन वस्तूंचे पैसे आरंभीच अंदाजपत्रकात धरावेत. लॅपटॉपवरील १८ टक्के जीएसटी सांगितलेल्या किमतीत धरला आहे की नाही, हेही विचारावे.

शेवटी दुकानात जाताना काय करावे? एका कागदावर सहा प्रश्न लिहून न्यावेत. पडद्याचे बिंदू किती? रॅम किती व ती वाढते का? साठवण कोणत्या प्रकारची व किती? प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय? बॅटरी किती वॉट-तासांची? आणि हमी किती वर्षांची, व दुरुस्तीसाठी माणूस खानापुरास येईल की यंत्र बेळगावास न्यावे लागेल? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो प्रश्न पुसू नये, दुकान बदलावे.

त्या काजूवाल्या गृहस्थांना आम्ही हा कागद अलीकडेच दाखविला. ते म्हणाले, “बैल घेताना मी त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिला. येथे मात्र नुसता रंग पाहिला.” त्यांच्या धाकट्या मुलासाठी पुढील हंगामात ते पुन्हा खरेदी करणार आहेत. या वेळी प्रश्नांचा कागद खिशात असेल आणि कर्ण मोजावयास शिंप्याची फीतही, असे त्यांनी आम्हांस सांगितले आहे.