एकट्या काट्यावर जाऊ नकोस

अगं, जुनी पोलो जीटी टीएसआय घेतलीस, फार छान केलंस. चाकणला बनलेली गाडी, छोटं इंजिन आणि त्यावर टर्बो. अशी गाडी हाती आली की रिमॅपचे, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून घेण्याचे, वेध लागणारच. हवा-इंधनाचं गेजही बसवणार म्हणतेस. जरूर बसव, पण आधी ते वाचायला शीक. ताईच्या नात्याने चार गोष्टी सांगते, त्या मनावर घे.

ते गेज पेट्रोल मोजत नाही. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर जळून बाहेर पडलेल्या वायूतला प्राणवायू जोखतो, आणि त्यावरून काटा मिश्रण सांगतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नेमकी तेवढी हवा असली की लॅम्डा १. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, आकडा एकच्या वर. पेट्रोल जास्त झालं की रिच, आकडा एकच्या खाली.

सेन्सर वाइडबँडच घे. साधा नॅरोबँड सेन्सर लॅम्डा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच धड सांगतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरत असताना, मिश्रण किती रिच आहे हे त्याला कळत नाही, आणि तुला नेमकं तेच हवं असतं. सेन्सर टर्बोनंतरच्या पाइपात, वरच्या बाजूला तिरपा बसवून घे, म्हणजे पाइपातलं पाणी त्यात साचणार नाही.

आता पेट्रोल पंपावरची गोष्ट. आज तू भरतेस ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून या पेट्रोलला हवा कमी लागते, किलोमागे साधारण १३.५ किलो. गेजला मात्र हे ठाऊक नसतं. ते लॅम्डा काढतं आणि आपल्या सेटिंगप्रमाणे १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. समजा बूस्टमध्ये लॅम्डा ०.८२ आहे. तुझं गेज १२.१ दाखवेल. मैत्रिणीचं गेज ई-२० वर लावलेलं असेल, तर तिथे ११.१ दिसेल. मिश्रण दोघींचं एकच! म्हणून गेज लॅम्डावर लाव आणि ट्यूनरशीही लॅम्डातच बोल. तुझं मॉडेल जुनं आहे, तेव्हा ई-२० बद्दल कंपनी काय म्हणते तेही गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघ.

रमतगमत चालवताना काटा १ च्या आसपास हलत राहील. पाय दाबलास आणि बूस्ट चढला की तो ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान उतरायला हवा. जादा पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता शोषतं आणि पिस्टन वाचवतं. नेमका आकडा तुझ्या इंजिनाप्रमाणे ट्यूनर ठरवेल. तुझं काम एकच: पूर्ण बूस्टमध्ये, वरच्या आरपीएमला ०.८२ चा काटा ०.९० कडे सरकू लागला, तर त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोड. पंप कमी पडत असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा इंजेक्टर पुरत नसतील. ‘अजून थोडं बघू’ असं म्हणू नकोस. पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

काटा फसवतोही. सेन्सरच्या आधी पाइपाला चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उगाच लीन दिसतं. एखादा सिलिंडर मिसफायर झाला, तरी न जळलेला प्राणवायू तसाच बाहेर येतो आणि पुन्हा लीनच दिसतं. ते पाहून कोणी पेट्रोल वाढवलं, तर खरा दोष तसाच राहतो. उतारावर पाय काढलास की इंजेक्टर बंद होतात आणि काटा थेट टोकाला जातो. त्याला घाबरू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके, काट्याला दिसत नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचा मे महिना तुला सांगायला नको, तिथे पारा ४५ च्या पुढे जातो. हवा आत शिरतानाच इतकी तापलेली, त्यात टर्बो तिला आणखी तापवतो. लॅम्डा अगदी हवा तसा असूनही इंजिन आतून ठोके खाऊ शकतं. म्हणून लॉगमध्ये लॅम्डासोबत बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि नॉकमुळे मागे घेतलेलं इग्निशन, हे सगळं एकत्र बघ. हिवाळ्यात ठरवलेला मॅप उन्हाळ्यात पुन्हा तपासून घे.

हे सगळं डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर कर. समृद्धी महामार्गावर नको. तिथे इतरही माणसं असतात आणि वेगमर्यादा ताशी १२० आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, म्हणून काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचार आणि उत्तर लेखी घे. गेज बसवल्यावर पहिले काही दिवस मूळ मॅपवरच गाडी चालव आणि आकडे लिहून ठेव. निरोगी गाडीचे आकडे तुझ्याजवळ असले, तरच पुढे बिघाड ओळखता येईल. तेवढं केल्याशिवाय रिमॅपला पैसे देऊ नकोस.