सुपरमॅनने झेलले, तर ती वाचेल का?

सुपरमॅनचे मेट्रोपोलिस भारी की बॅटमनचे गॉथम, हा वाद तुम्ही घातला असेलच. दोन्ही शहरे काल्पनिक. गतीचे नियम मात्र घाटकोपरचेच लावून पाहू.

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात उंचावरून पडणाऱ्या लोइसला नायक हवेतच झेलतो. समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती घाटकोपरच्या इमारतीवरून २० मीटर खाली आली. हवेचा रोध सोडल्यास तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होईल. तिला ०.१ सेकंदात थांबवले, तर सरासरी परिणामी बल १०,००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या २० पट! मग पोलादी हात काय नि फरशी काय, सारखेच. २ सेकंद घेतले, तर ५०० न्यूटन पुरे. मात्र आणखी २० मीटर अंतर हवे. हेल्मेटमधला थर चेपतो, तो थांबण्याचा काळ वाढवण्यासाठीच.

आता सांगा : ०.५ सेकंदात थांबवल्यास बल किती? (उत्तर : २,००० न्यूटन)