आबांचे डोळे

पोलादपूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. बाबू यास,


दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिलो. स्टँडवर गडबड होती म्हणून नीट बोलता आलं नाही, असं तुझ्या आईला सांगितलंय. खरं कारण वेगळं आहे आणि ते फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आठवड्याचं सगळं वर्तमान तू एका दमात सांगितलंस. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, एनडीएची लेखी एप्रिलमध्ये, गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता ६०० ची. कोणी माजी विद्यार्थी येऊन तुम्हा मुलांशी बोलून गेले. तुमचं लाकडी ग्लायडर या वेळी वडाला न अडकता खाली उतरलं. नवी मुंबईहून नाताळच्या दिवशी विमानं उडायला लागली. आपल्याच रायगड जिल्ह्यात एवढा विमानतळ झाला आणि आपण पोलादपूरकर मात्र अजून माणगावच्या कोंडीत तास तास बसतो, असं म्हणून हसलास. सगळं बोललास, एक सोडून.

वरच्या आळीतला तो मुलगा, सातारच्या शाळेत तुझ्याच हाऊसमधला, नाताळच्या सुट्टीत आला होता. त्याच्या वडिलांनी मला परवा चहाला थांबवलं आणि आवाज खाली करून सांगितलं की तुमचा भाचा ठिपक्यांच्या चित्रांचे रंगीत कागद उशीखाली ठेवतो आणि रात्री आकडे पाठ करतो. पहिल्या पानावर १२, मग ८, मग ६, २९, ५७. त्यांना ते काय आहे ते कळलं नव्हतं. अभ्यासाचं काही असेल म्हणाले. मला कळलं. चहा तसाच ठेवून घरी आलो.

बाबू, हे खरं आहे का?

खोटं असेल तर पुढचं वाचू नकोस, कागद फाडून टाक आणि मामा म्हातारा झाला म्हण. पण मला ते खोटं वाटत नाही. दिवाळीत चार्जिंगची बॅटरी लावली होती, तेव्हा दिवा हिरवा झाला का असं तू मला विचारलंस. तो तुझ्या समोर होता. परसात आईने मिरच्या तोडायला पाठवलं तर लाल आणि हिरव्या सारख्याच घेऊन आलास. ताईने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही काही बोललो नाही. आमच्या घरात हे आम्ही पूर्वी बघितलेलं आहे.

त्याच दिवाळीत तू मला अंगणात कोळशाने धावपट्टी काढून दाखवली होतीस, आठवतं? तिच्या कडेला चार दिवे ओळीत. विमान उतरत येताना दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही पांढरे, तर फार वर आहोत. चारही लाल, तर फार खाली. मनोऱ्याशी बोलणं तुटलं तर तिथून दिव्याने खूण करतात, हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या पंखाला हिरवा, म्हणजे रात्री समोरचा येतोय की जातोय ते कळतं. हे सगळं मला तू शिकवलंस. मी विमानात एकदाही बसलेलो नाही. मग ज्याला हे इतकं नीट ठाऊक आहे, त्याने आकडे पाठ करावेत? तुझ्या मागे बसलेल्या माणसांनी काय पाठ करायचं?

रागावून लिहितोय, कळतंय मला. पण आंबेनळी घाटात मी वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे. पावसाळ्यात त्या धुक्यात समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढाच दिसतो, बाकी काही नाही. पाठीमागे चाळीस माणसं झोपलेली असतात. तो दिवा मला दिसतो की नाही, ही माझी खाजगी गोष्ट नव्हती.

आणि पाठांतराचा उपयोग तरी किती? मी महाडला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुझं नाव घेतलं नाही, माझेच डोळे दाखवायचे आहेत म्हणालो. त्यांनी ते पुस्तक पुढे ठेवलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ साली काढलेलं आहे. पहिल्या चित्रातले १२ सगळ्यांनाच दिसतात, दोष असलेल्यालाही. खरी गोष्ट पुढे आहे. मला जिथे ८ दिसला तिथे दोष असलेल्याला ३ दिसतो. मला ७४ दिसले, तिथे त्याला २१. डॉक्टर म्हणाले, तपासणारा पानं उलटसुलट करतो, मधूनच एखादं काढतो, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला तेही बघतो. शिवाय सैन्यदलाच्या तपासणीत कंदील असतो. अंधाऱ्या खोलीत लांबून बारीक दिवे दाखवतात आणि रंग विचारतात. त्याला पानही नाही आणि क्रमही नाही. तिथे काय पाठ करणार आहेस?

एसएसबीची मुलाखत पार करून, इतक्या पोरांतून निवड होऊन, त्या खोलीत तुझं खोटं उघडं पडावं, हे मला सहन होणार नाही. नापास होशील म्हणून नव्हे. तू तिथे एकटा असशील म्हणून.

आता आबांचं. तुला ते मिशा आणि कोयती घेऊन फोटोत बसलेले तेवढेच माहीत. आबांना लाल आणि हिरवं वेगळं कळत नसे. पळस फुलला तरी त्यांना झाड नुसतं दाट झाल्यासारखं वाटायचं. तरुणपणी ते एसटीत चालक व्हायला गेले होते. सहा फूट उंची, हातात बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळं बसलेलं. डोळ्यांत नापास झाले. घरी परत येऊन त्यांनी ते लपवलं नाही; ओटीवर बसून साऱ्या वाडीला सांगितलं की मला लाल कळत नाही, सरकारने बरं केलं, नाहीतर तुम्हालाच कुठेतरी घातलं असतं. आणि हसले.

मला त्या हसण्याची लाज वाटायची. महाडच्या हायस्कुलात मी मित्रांना सांगत असे की आमच्या वडिलांनी नोकरी स्वतः सोडली, कोणाची ताबेदारी नको म्हणून. एकदा आबा मला डबा द्यायला आले आणि मी हे बोलत असताना मागे उभे होते. काहीच म्हणाले नाहीत. डबा दिला आणि गेले. पुढे मी एसटीत लागलो, डोळ्यांत पास झालो, तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. त्या दिवशी तरी मी त्यांना काही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावली ती तुला सांगतो. हा दोष बापाकडून मुलाकडे येत नाही. तो मुलीकडून नातवाकडे जातो, आणि मुलीला स्वतःला बहुधा काही होत नाही. म्हणून मला आबांचे डोळे मिळाले नाहीत, पण तुझ्या आईच्या मुलाला मिळण्याची निम्मी शक्यता होती. यात तुझी चूक नाही आणि तिचीही नाही. तिला कळलं की ती स्वतःला दोष देत बसेल, पण ते मी बघून घेईन. तू फक्त कोणापासून लपवू नकोस.

मला माहीत आहे तुला विमान का हवं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल गेला. आमच्या दोन गाड्या गेल्या, एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि दुसरी राजापूरहून बोरिवलीला. नंतरच्या दिवसांत मी कामावर जाऊन येत होतो, पण कोणाशी बोलत नव्हतो. तू सात वर्षांचा होतास. नदीवर हेलिकॉप्टर शोधत फिरत होतं आणि तू माझा हात धरून विचारलंस, मामा, वरून पाण्यातली माणसं दिसतात का? मला काय सांगावं ते कळलं नाही. तेव्हापासून तुझ्या वहीच्या मागच्या पानांवर हेलिकॉप्टरं आहेत. म्हणून तू सातारला गेलास, म्हणून ताईने एकुलत्या एका पोराला घाटापलीकडे ठेवलं. तुझ्या शाळेतून गेलेले प्रदीप वसंत नाईक २००९ मध्ये हवाईदलाचे प्रमुख झाले, हे तू पहिल्याच सुट्टीत आल्यावर सांगितलं होतंस, जणू पुढचा नंबर तुझाच.

वैमानिकाच्या निवडीची ती यंत्रावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, हेही तूच सांगितलं होतंस. एकच संधी म्हटली की माणूस घाबरतो. तू घाबरलास, एवढंच झालंय. लबाड झालेला नाहीस. मघाशी जे लिहिलं ते घाईत लिहिलं, पण खोडत नाही, कारण त्यातलं चार दिव्यांचं खरं आहे.

कदाचित तुझा दोष अगदी थोडा असेल. कदाचित नसेलही आणि आम्ही मिरच्यांवरूनच घाबरलो असू. ते नीट तपासल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. सैन्यदलात प्रत्येक शाखेची रंगदृष्टीची अट वेगळी असते, एक दार बंद झालं म्हणजे वाडाच बंद झाला असं नाही. तुझं गणित चांगलं आहे. पवईच्या आयआयटीत विमानविद्येचा विभाग आहे. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे, तिथे लढाऊ विमानं बांधतात, गेल्या ऑक्टोबरमध्ये तिथूनच तेजस उडालं. ते उडवणारा एक असतो, पण त्याआधी त्याच्या पंखाचा हिशेब करणारे किती असतात ते तू मोज.

आणि हवामान. हे मात्र मी मनापासून सांगतोय. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. त्यातलं पाणी सावित्रीतून खाली आलं, महाड बुडालं, आणि तळीयेवर डोंगर आला. तिकडच्या वाटा पाण्याखाली होत्या. वरच्या एवढ्या पावसाचा खालच्या गावाला अर्धा दिवस आधी अर्थ सांगणारा माणूस त्या दिवशी वैमानिकापेक्षा कमी नव्हता. पुण्यात शिवाजीनगरला हवामानखात्याचं मोठं कार्यालय आहे. पोलादपूरच्या पोराला तिथे धुकं म्हणजे काय ते शिकवावं लागणार नाही. विमान उडवायचं की नाही ते आधी हवामानवाला सांगतो, मग वैमानिक.

पण हे सगळं नंतरचं. आज हे मनावर घेऊ नकोस, बोर्डाचा अभ्यास कर. ते कागद उशीखालून काढ, एवढंच आज कर. जाळायचे असतील तर जाळ, किंवा शाळेतल्या डॉक्टरांना नेऊन दे आणि सांग की मला यातले काही आकडे दिसत नाहीत. ते रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांग.

मी पुढच्या रविवारी येतो. सकाळच्या गाडीने महाबळेश्वर आणि तिथून मेढ्यावरून सातारा. बाहेर न्यायची परवानगी मिळाली तर गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, दोघंही. पण मी वेळ घेतलेली नाही. तू हो म्हणालास तरच. नाही म्हणालास तर नुसते बसू, तू ते ग्लायडर उडवून दाखव. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, फक्त समोर चीड, फोन ठेवून देऊ नकोस.

आणि एक विचारायचं राहिलं, इतकी वर्षं सुचलंच नाही. तुला पळस कसा दिसतो रे? आबांना विचारायचं राहून गेलं.

आईला या पत्रातलं काही माहीत नाही. तिने संक्रांतीचे तिळाचे लाडू तुझ्यासाठी काढून ठेवलेत आणि मी सुकट घालून तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणणार आहे. मागच्या वेळी तुझ्या मित्रांनी तुला अर्धीच ठेवली होती म्हणालास. या वेळी किती जणांना पुरेल एवढं आणू ते कळव.

तुझा,
मामा