चित्रकार व्हायचं होतं, नांगर केला

दहावीचा निकाल लागला की पलूस-कुंडलकडच्या पालकांचं एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘त्याला कशात इंटरेस्टच नाही हो.’ आणि ज्याला आहे, त्याच्याबद्दल : ‘नको त्यातच इंटरेस्ट आहे.’ अशा पालकांना मी त्यांच्याच शिवारातली एक हकिगत सांगतो. किर्लोस्करवाडीचं स्टेशन पूर्वी ‘कुंडल रोड’ म्हणून ओळखलं जायचं, तिथून ती सुरू करता येते. पण खरी सुरुवात किर्लोस्करवाडी वसण्याच्याही पंचवीस वर्षं आधीची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. शाळेत जीव रमायचा नाही. रमायचा तो चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकलेला वडिलांचा विरोध. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. डोळ्यांचाच दोष, त्यावर मेहनतीचा इलाज नव्हता.

आजच्या घरात इथे काय झालं असतं? ‘सांगत होतो ना’ म्हणून पोराला परत आणलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. यंत्राचा आडवा छेद, उभा छेद, दात्याला दाता कुठे भिडतो हे कागदावर उतरवायला रंग लागत नाहीत. नजर आणि माप लागतं. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावांचं सायकलचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज; पहिली दोनेक वर्षं नांगराला गिऱ्हाईक मिळेना.

हा भाग मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण ‘आवड जपा, पैसा आपोआप येईल’ असं सांगणाऱ्या व्याख्यात्यांचा सध्या सुकाळ आहे. पैसा आपोआप येत नाही. नांगर खपत नव्हता तेव्हा बाकीच्या कामांवर घर चाललं. आवडीचं काम पिकायला वेळ घेतं, तेवढा काळ चूल कशावर पेटणार याचा हिशेब आधी मांडावा लागतो. रामूअण्णांसारखं कुणी पाठीशी असेल तर उत्तम; नसेल तर अर्धवेळ काम धरून शिकण्यात कमीपणा नाही.

१९१० साली बेळगावची जागा सोडायची पाळी आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा बत्तीस एकरांचा निवडुंगानं भरलेला माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली; तिथे जमलेली माणसं पाहा. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक इंजिनिअर निघाले. के. के. कुलकर्णी परीक्षांत मागे पडलेले, त्यांनी व्यवस्थापन सांभाळलं. पुतणे शंकरराव चित्रकला शिकून आले. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचं काय काम? त्यांनी जाहिराती केल्या आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ नंतर आली.

म्हणून मुलाला ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारू नका. पंधराव्या वर्षी तो युट्यूबवर पाहिलेलं काहीतरी सांगणार. कुणी न सांगता तो परत परत कशाकडे वळतो ते बघा आणि त्या कामातला नेमका कोणता भाग त्याला धरून ठेवतो ते शोधा. मोटार उघडून बसणाऱ्या पोराला कधी गुंडाळीत रस असतो, कधी बिघाड हुडकण्यात, तर कधी गिऱ्हाइकाशी बोलण्यात. पहिल्याला आयटीआय, दुसऱ्याला पॉलिटेक्निक, तिसऱ्याला कॉमर्स बरं पडेल. डिप्लोमा केल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे ती वाट आडवळणाची समजू नका. शिकाऊ उमेदवारीत हातात विद्यावेतनही पडतं.

याच शिवारातलं दुसरं उदाहरण कवी ग. दि. माडगूळकरांचं. त्यांचं काही शिक्षण कुंडलला झालं. मॅट्रिकला गणितानं दगा दिला. पोटासाठी ते कोल्हापूरला सिनेमात गेले, लहानसहान कामं केली, वि. स. खांडेकरांचे लेखनिक झाले. दुसऱ्याचं लिहून घेणं हे हलकं काम वाटेल. पण वाक्य कसं घडतं हे रोज डोळ्यांसमोर पाहायला मिळणं, ही शिकवणी कुठल्या क्लासमध्ये मिळते?

एक व्यवहाराची सूचना. मुलाची रंगदृष्टी दहावीतच तपासून घ्या. ठिपक्यांच्या पाटीवरचे आकडे वाचायची ही काही मिनिटांची चाचणी. रंगांधळेपणाचा दोष मुलग्यांना फक्त आईकडून मिळणाऱ्या गुणसूत्रावर असल्यानं मुलींपेक्षा त्यांच्यात जास्त आढळतो. रेल्वेच्या लोको पायलटला निर्दोष रंगदृष्टी लागते. चार वर्षं तयारी करून वैद्यकीय तपासणीत घरी परतणं फार लागतं. उलट काही दारं आता उघडली आहेत : पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम रंगांधळ्या विद्यार्थ्यांनाही खुले करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं.

राहिली कुस्ती. कुंडलच्या मैदानाचा लौकिक मोठा, आणि तालमीत जाणाऱ्या पोराचा बाप माझ्याकडे आला की दोनच टोकं बोलतो : एकतर तालीम बंद, नाहीतर शाळा बंद. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्याला मैदानातलं इनाम चालत नाही. ठरवून दिलेल्या स्पर्धांचं आणि क्रीडा खात्यानं पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. शिवाय पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता असतेच. तेव्हा पोरगा फड मारून आला की खुराकाबरोबर दोन गोष्टी विचारा : स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठं ठेवलंस, आणि अकरावीचा अर्ज भरलास का?